अंगठ्याची टोपी

माझ्या हातांना स्वस्थ बसता येत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या हातांना मुंग्या लागल्यात. आता आई नाही, मुंग्या आहेत. टीव्ही बघताना बोटांवरून रुपयाचं नाणं फिरत असतं, बँकेच्या रांगेत पेनाचं टोपण एका मुठीतून दुसऱ्या मुठीत जात असतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला मागच्या खुर्चीवरच बसवतात, कारण सेक्रेटरी पाण्याच्या टाकीबद्दल तळमळीने बोलत असताना निम्मी माणसं माझ्या हातांकडे बघत असतात. नवरा म्हणतो, तू झोपेतसुद्धा चादरीला घड्या घालतेस. खोटं नसेल.

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये मी रक्त घ्यायचं काम करते. मोठ्या माणसांचं फारसं काही नसतं. ते तोंड फिरवतात आणि हात पुढे करतात. मिश्यांना पीळ देणारे एक-दोघे चक्कर येऊन पडतात, त्यांना खुर्चीसकट धरायचं, एवढंच. मुलांचं वेगळं. ती दारातूनच मला ओळखतात. आईच्या ओढणीत तोंड खुपसतात, खुर्चीच्या पायाला मिठी मारतात, आणि आई त्यांना सांगत असते, ‘ताई काही नाही करणार हं, फक्त बघणार.’ या वाक्याचा मला मनस्वी राग येतो. मी फक्त बघणार नसते, आणि ते त्या मुलाला पक्कं माहीत असतं.

अशा वेळी मी टोपी काढते. प्लास्टिकची, कातडीच्या रंगाची, अंगठ्यावर चपखल बसणारी आणि आतून पोकळ. तिच्यात लाल रुमालाचा एक तुकडा मावतो. आधी दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवायचे, काही नाही. मग मुठीतून लाल रुमाल ओढून काढायचा, परत मुठीत कोंबायचा, मुलाला फुंकर मारायला लावायची आणि मूठ उघडायची. रुमाल गायब. मूल माझ्या बाहीत बघतं, टेबलाखाली बघतं, आपल्या आईच्या पर्समध्ये बघतं. तोवर मी हात धुतलेले असतात, ग्लोव्हज चढवलेले असतात, दंडाला रबराचा पट्टा बांधलेला असतो आणि शीर सापडलेली असते. ‘कुठे गेला?’ ‘शोध ना, तूच शोध.’ शोधेपर्यंत काम झालेलं असतं. रडतात, पण उशिरा रडतात, आणि उशिरा आलेल्या रडण्याने कोणाचं अडत नाही.

ही टोपी मी बाहेरही वापरते. आधार केंद्रावर एका बाळाचा फोटो निघत नव्हता, सारखं रडत होतं, मागे रांग कुरकुरत होती. मी पुढे होऊन रुमाल गायब केला. बाळ गप्प झालं आणि त्याच्या कार्डावर आता आ वासलेला फोटो आहे. कळव्याच्या रिक्षा स्टँडवर दोन माणसं नंबरावरून हातघाईवर आली होती, तेव्हा मी त्यातल्या एकाच्या कॉलरमधून नाणं काढलं. दोघंही भांडण सोडून माझ्यावर भडकले. मिटलं ना पण.

हे सगळं मला बाबांनी शिकवलं, आणि माझं हे सगळं बाबांना आवडत नाही.

बाबा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. ड्युटी संपली की नखांतलं ग्रीस घासून घासून काढायचे आणि पांढरा शर्ट घालून चमत्कारांच्या कार्यक्रमाला निघायचे. बुवा-बाबा जे चमत्कार दाखवून लोकांना नागवतात, तेच चमत्कार करून दाखवायचे आणि मग ते कसे केले तेही सांगायचं, असा तो कार्यक्रम. हवेतून अंगारा काढायचे, लिंबातून रक्त काढायचे, पाणी शिंपडून समिधा पेटवायचे, जिभेतून आरपार तार घातलेली दाखवायचे. आमच्या विहारात, जयंतीच्या मांडवात, मुरबाडकडच्या गावांत, कुठेही बोलावलं की निघाले. कधी मला न्यायचे, कधी धाकटीला. आई म्हणायची, दोन मुली आहेत, एखादा दिवस त्यांना शाळेतही पाठवा.

त्यांचा नियम एकच होता: दाखवलं की उघडं करायचं. तार जिभेतून गेली म्हणून बायका हात जोडायला लागल्या की बाबा तार बाहेर काढून तिच्या मधला वाक दाखवायचे. जीभ त्या वाकात बसते, भोक वगैरे काही पडत नाही. ‘उघडं न करता जो उठला तो बुवा,’ ते म्हणायचे. आणि शेवटी दोन्ही हात कमरेवर ठेवून विचारायचे, ‘आता कोण करून दाखवणार?’ मग थांबायचे. लोक चुळबुळ करायचे, एकमेकांना ढोसायचे, पोरं हसायची. बाबा हलायचे नाहीत. कोणीतरी उठून पुढे येईपर्यंत सामान आवरायचं नाही, मग शेवटची एसटी चुकली तरी बेहत्तर. कानाने ऐकलेलं घरी जाईपर्यंत विसरतं, हाताने केलेलं विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही दोघी बहिणी त्या घरात वाढलो. आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची लागली नाही. धाकटीला कावीळ झाली तेव्हा चाळीतल्या बायका मंत्राचं पाणी घेऊन आल्या, बाबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि धाकटीला डॉक्टरकडे नेलं. आमच्या घरात बाबांचा शब्द म्हणजे तपासून घेतलेला शब्द. आई चिडली तरी म्हणायची, ‘एक आहे, हा माणूस खोटं बोलणार नाही.’

तर या माणसाला माझं काम पटत नव्हतं. ‘पोराला फसवतेस, टोचतेस आणि टोपी खिशात घालून मोकळी होतेस. हे बुवाचं काम झालं.’

‘बाबा, बाहेर पंधरा जण नंबर लावून बसलेले असतात. मी काय प्रत्येकाला भाषण देत बसू?’

‘भाषण नको. टोपी दाखव. एवढंच.’

‘टोपी दाखवली तर पुढच्या वेळी चालेल का?’

‘नाही चालली तर नाही चालली. सुई सांगून टोच.’

सुई सांगून टोच! एकदा येऊन बसा म्हणावं माझ्या खुर्चीवर. असा वाद आमच्या घरात जेवताना व्हायचा आणि आमटी संपली की संपायचा.

मग माझी मुलगी आजारी पडली. सात वर्षांची होती. सारखी तहान, सारखं बाथरूम, वजन उतरलेलं. मी रोज दुसऱ्यांच्या नळ्या भरून लॅबमध्ये पाठवणारी, आणि घरात पोरगी रात्रंदिवस पाणी पितेय हे बघून म्हणत होते, गरम होतंय म्हणून पीत असेल. एका सकाळी बसल्या जागी तिला ग्लानी आली, तेव्हा साखर मोजायचं मशीन काढलं आणि बोटातून थेंब घेतला. आकडा बघून माझे हात पहिल्यांदा थांबले. टाइप वन डायबेटिस. तिच्या शरीरात इन्सुलिन बनत नाही आणि पुढेही बनणार नाही. म्हणजे रोज चार वेळा टोचायचं. जेवणाआधी आणि झोपताना. बरं होईपर्यंत नाही, कायम.

मी पहिल्याच दिवशी लाल रुमाल काढला. तिने तो गायब होताना बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मम्मी, रुमाल नको. तू माझा हात सोड.’ माझी सगळी कला तिथे संपली. रुमाल एकदा गायब करता येतो. रोज चार वेळा, आयुष्यभर कोण बघत बसेल? ती पलंगाखाली शिरायची, बाथरूमची कडी लावायची. नवरा तिला धरायचा आणि मी टोचायची, आणि टोचून झालं की तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा. मी भांडी घासायला घ्यायची, घासलेलीच.

दुपारच्या इन्सुलिनचा प्रश्न होता, कारण तेव्हा ती शाळेत असायची, मी ठाण्यात आणि नवरा अंबरनाथला कंपनीत. बाबा म्हणाले, मी जाईन. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. टोचायला शिकले, आकडे वाचायला शिकले आणि डब्याच्या सुट्टीत शाळेच्या गेटवर जायला लागले. वॉचमनच्या केबिनमध्ये स्टुलावर बसवून टोचायचे. पहिले काही दिवस घरी आल्यावर ते कोणाशी बोलायचे नाहीत. नंतर एकदा म्हणाले, ‘ती मला म्हणते, आजोबा, तुम्ही चांगले होतात.’

आणि मग हळूहळू फरक पडला. ती दुपारचं इन्सुलिन मुकाट्याने घ्यायला लागली. मला वाटलं, सवय झाली. दुपारी सवय आणि संध्याकाळी पुन्हा पलंगाखाली, ही कसली सवय, हा विचारही मी केला. पण जे चाललंय ते चालू दे, असं घाबरलेल्या माणसाला वाटतं.

एके दिवशी बाबांनी माझ्याकडे टोपी मागितली. जादा होती का एखादी? त्यांची जुनी तडकली होती. मी दिली आणि चिडवलं, ‘काय बाबा, बुवा होताय की काय?’ ते हसले नाहीत. म्हणाले, ‘पोरगी जरा हसते गं.’

माझी एकदा हाफ डे सुट्टी होती, म्हणून मीच शाळेवर गेले. केबिनच्या खिडकीतून दिसलं. बाबांनी कागदाच्या पुडीतून डाव्या मुठीत साखर ओतली. अंगठ्याने दाबली. मुलगी डोळे विस्फारून बघत होती. ‘फूं कर.’ तिने फुंकर मारली. बाबांनी एक एक बोट उघडलं. साखर नाही. दुसरा हातही दाखवला, उलटा आणि सुलटा. ‘गेली?’ ‘गेली!’ आणि तिने स्वतःच फ्रॉक वर करून पोट पुढे केलं. बाबांनी टोचलं आणि इन्सुलिनचं पेन पिशवीत टाकलं. टोपी दाखवली नाही.

घरी येताना मी विचारलं, ‘उघडं नाही केलंत?’

‘करेन.’

‘कधी?’

‘करेन म्हटलं ना! तुझ्यासारखी घाई नाही मला.’ आणि वर माझ्यावरच फणकारले.

खरं तर मला तेव्हा आनंदच झाला. इतकी वर्षं मला बुवा म्हणणारा माणूस सापडला होता. संध्याकाळी नवऱ्याला सांगून मी पोट धरून हसले. पण आत काहीतरी टोचत राहिलं. रात्री नाणं बोटांवरून फिरवताना ते सारखं खाली पडत होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यांना डोळ्यात थेंब घालायला कोणीतरी हवं, म्हणून मी रजा काढली आणि मुलीला दोन दिवस धाकटीकडे, कल्याणजवळ मोहन्याला पाठवायचं ठरवलं. धाकटीला मी आधीच सगळं शिकवलेलं. संत्र्यावर टोचून टोचून तिचा हात बसवलेला. मशीन, पेन, किती वाजता किती, सगळं सांगितलेलं. शनिवारी सकाळचं इन्सुलिन मीच दिलं आणि नवरा तिला मोहन्याला सोडून कामावर गेला. बाबांचं ऑपरेशन झालं, दुपारी आम्ही घरी आलो. काळा चष्मा, डोकं हलवायचं नाही, आणि डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं.

रविवारी दुपारी धाकटीचा फोन आला. ‘ताई, ती उलट्या करतेय. आणि श्वास असा कसा घेतेय गं, धापा टाकतेय.’

‘शुगर किती आहे?’

ती पोरीला हाका मारत होती.

‘अगं, शुगर किती आहे?’

‘थांब, बघते.’ मग फोनमधून तिचा आवाज, ‘ताई, आकडाच येत नाहीये. नुसतं हाय लिहून येतंय.’

म्हणजे साखर मशीनच्या आकड्यांपलीकडे गेली होती. ‘इन्सुलिन कधी दिलंस?’

‘नाही दिलं. बाबांनी सांगितलंय ना.’

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिला कल्याणच्या हॉस्पिटलला घेऊन निघ, एवढं मी ओरडून सांगितलं. स्कूटी काढली. बाबा काळा चष्मा लावून जिन्यात उभे होते, ‘मी येतो,’ म्हणत होते, मी त्यांना तिथेच सोडून निघाले. शिळफाट्याला गाड्या तुंबलेल्या होत्या. मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. एक टँकरवाला खिडकीतून म्हणाला, ‘ओ मॅडम, उडून जाणार का?’ गेले असते. येत असतं तर गेले असते. रक्त घेणाऱ्या बाईला नको ते सगळं माहीत असतं. इन्सुलिन नसलं की रक्त आंबायला लागतं, मग धाप लागते, मग शुद्ध जाते, मग काय, तेही मला माहीत होतं. ते शेवटचं मी पत्रीपुलापर्यंत मनात येऊ दिलं नाही.

मुलांच्या आयसीयूत ती पांढरी पडलेली होती. दोन्ही हातांत सुया, आणि त्या सुया बघायलाही ती जागी नव्हती. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, पण आजची रात्र बघू. मला माझी पोर दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देऊन बाहेर बसावं लागणार होतं. मला बसता येत नव्हतं. मी कॉरिडॉरमधल्या खुर्च्या सरळ रेषेत लावल्या. पाण्याच्या कूलरखालचं सांडलेलं पुसलं. आया म्हणाली, ‘ताई, राहू द्या ना, माझं काम आहे ते.’

धाकटी भिंतीला टेकून रडत होती. तिने सगळं सांगितलं. शनिवारी दुपारी तिने पेन काढलं, तेव्हा भाची म्हणाली, मावशी, आता नको. आजोबांनी माझी सगळी साखर काढलीये. मशीन लावलं तर आकडा ठीक होता. तो ठीक असणारच होता, सकाळचं आणि आदल्या रात्रीचं इन्सुलिन तेव्हा अंगात होतं. पण धाकटीला ते कसं कळावं? तिला वाटलं, काही नवा उपचार निघाला असेल, बाबांनी डॉक्टरांना विचारलं असेल. संध्याकाळी पोरगी बोटही टोचू देईना, म्हणून तिने सोडून दिलं. रात्री पाणी पाणी करत होती, तर उन्हाळा आहे म्हणून कोकम सरबत करून दिलं, साखर घालून.

‘तुला एक फोन करता आला नाही?’ मी किंचाळले. ‘असा काही उपचार असतो का गं? साखर काढली म्हणे!’

‘दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर हाकललं असतं, ताई.’ ती हुंदके देत म्हणाली. ‘शेजारच्या बाई अंगारा घेऊन आल्या होत्या मागे, मी दारातूनच परत पाठवलं त्यांना. पण हे बाबांनी सांगितलं होतं. बाबा खोटं बोलत नाहीत ना.’

मीही तेच केलं असतं का? केलं असतं. माझ्या मते आम्ही दोघी सोडून जगात कोणीही ही चूक केली नसती.

संध्याकाळी नवरा बाबांना घेऊन आला. बाबा माझ्या शेजारी बसले. काळ्या चष्म्यामुळे ते कुठे बघतायत ते कळत नव्हतं. म्हणाले, ‘परवा, शाळेच्या शेवटच्या दिवशी मी अख्खी पुडी गायब केली. म्हटलं, सुट्टी लागतेय, पोरीला मजा. तिने विचारलं, आजोबा, माझ्यातली पण गेली? सगळी?’

त्यांनी चष्म्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

‘आणि मी हो म्हणालो गं.’

‘का?’

‘तिचं तोंड बघितलं असतंस तर तूही म्हणाली असतीस.’

मला त्यांचा इतका राग आला की मी उठून जिन्यापर्यंत गेले. तिथून परत आले. त्यांच्या गालावरून पाणी चष्म्याखालून ओघळत होतं. मी रुमाल काढला, चष्मा उचलला आणि डोळ्याला हात न लावता बाजूने टिपलं. ‘रडायचं नाही सांगितलंय डॉक्टरांनी,’ मी म्हणाले. ‘कळतंय का? एक तरी बरं होऊ द्या आमच्या घरात.’ तो रुमाल लाल होता. माझ्या खिशात दुसरा नव्हताच.

रात्र गेली. पहाटे तिचा श्वास शांत झाला. सकाळी तिने डोळे उघडले आणि पहिली गोष्ट विचारली, ‘परत टोचलं का मला?’ मी हो म्हणाले. तिने तोंड फिरवलं. ती हॉस्पिटलमध्ये होती ते सगळे दिवस कोणाशी नीट बोलली नाही. नर्स सुई घेऊन आली की ती रडायचीही नाही, नुसती छताकडे बघायची. मला तिचं पलंगाखाली शिरणं बरं वाटायला लागलं.

घरी आणलं त्या दिवशी बाबांनी पांढरा शर्ट इस्त्री केला. मला वाटलं, कुठे बाहेर निघालेत, आणि डोळा अजून कच्चा होता. पण त्यांनी बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीपासून ओढलं, त्यावर चादर अंथरली, बशी ठेवली, साखरेची पुडी ठेवली. कार्यक्रमाला मांडायचे तसंच. धाकटीलाही बोलावलं होतं. आम्ही तिघी समोर बसलो, नवरा दारात उभा. जेवायची वेळ झालेली, इन्सुलिनचं पेन मी टेबलाच्या कोपऱ्यावर काढून ठेवलेलं. काळ्या चष्म्यात बाबा हुबेहूब एखाद्या बुवासारखे दिसत होते, पण ते चिडवायची ती वेळ नव्हती.

त्यांनी दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. साखर मुठीत ओतली, थोडी चादरीवर सांडली. अंगठ्याने दाबली. मुलीकडे वळून म्हणाले, ‘फूं कर.’ तिने केलं नाही. त्यांनी स्वतःच फुंकर मारली आणि मूठ उघडली. साखर नव्हती.

मग त्यांनी अंगठ्यावरची टोपी काढली आणि बशीत उपडी केली. साखर सळसळत खाली पडली.

मुलगी उठून जवळ गेली. टोपी हातात घेतली, आत बघितलं, आपल्या अंगठ्यावर घालून बघितली. ढगळ झाली. ‘म्हणजे साखर इथेच होती?’

‘इथेच होती.’

‘रोज?’

‘रोज.’

‘आणि माझ्यातली?’

बाबांनी टेबलाची कड धरली. ‘तुझ्यातली मला काढता येत नाही, बाळा. कोणालाच येत नाही. मी हो म्हणालो, ते खोटं बोललो.’

‘मग सुई?’

‘सुई रोज.’

‘मोठी झाल्यावर पण?’

‘मोठी झाल्यावर पण.’

तिने टोपी भिरकावली. ती फ्रिजखाली गेली. ‘तुम्ही घाणेरडे आहात, आजोबा!’ म्हणाली आणि आतल्या दाराच्या मागे जाऊन उभी राहिली. रडण्याचा आवाज आला, मोठा, गळा काढून. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. धाकटी उठायला लागली, तर बाबांनी हातानेच तिला बसवलं. मी पेनाकडे हात नेला, जेवायची वेळ टळत होती. बाबा म्हणाले, ‘राहू दे. तुझे हात जरा गप्प ठेव.’ मी दोन्ही हात मांडीखाली घातले. तिथेही बोटं चाळवत होती.

आणि मग बाबांनी, सवयीने म्हणा की ठरवून, मला अजून माहीत नाही, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि विचारलं, ‘आता कोण करून दाखवणार?’

कोणी हललं नाही. स्वयंपाकघरात कुकरची वाफ जिरत होती. नवऱ्याने घसा खाकरला. मला वाटत होतं, पुरे झालं, घ्या तिला जवळ, टोचून टाकते मी, दोन मिनिटांचं काम आहे. बाबा उभेच. मुरबाडच्या त्या गावांत उभे राहायचे तसे, शेवटची एसटी गेली तरी.

दारामागचं रडणं कमी झालं. नाक ओढल्याचे आवाज आले. मग दाराच्या कडेवरून एक हात वर झाला, शाळेत बाईंना दाखवतात तसा.

ती बाहेर आली. टोपी शोधायला वाकेल असं मला वाटलं. ती टेबलापाशी गेली आणि पेन उचललं. ‘मम्मी, किती?’ मी आकडा सांगितला. तिने मागचं चाक फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं, बरोबर होतं. फ्रॉक वर केला, पोटाची चिमूट धरली. एकदा थांबली. माझ्याकडे नाही, बाबांकडे बघितलं. आणि टोचलं. ओठ दुमडून दहा अंक मोजले, जसे आम्ही मोजायचो, आणि सुई बाहेर काढली.

पेन टेबलावर ठेवून तिने दोन्ही हात उलटेसुलटे करून आम्हा सगळ्यांना दाखवले.

‘ह्यात टोपी नाहीये,’ ती म्हणाली. ‘आता वाढ, मम्मी.’